दर्भाचा कावळा

अप्पांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही.

श्रावण सरत आला होता. गोदेला गढूळ पाणी होतं, दुतोंड्या मारुतीच्या पायांना लागून ओसरलेलं, आणि घाटाच्या पायऱ्यांवर गाळाची पातळ साय धरली होती. पत्रावळीवर भाताचे पिंड, त्यांवर काळे तीळ, बाजूला दर्भ. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि विड्यांचं एक बंडल, कारण अप्पांना ते लागायचं. आम्ही दहा पावलं मागे सरून उभे राहिलो. समोरच्या देवळावर चार कावळे बसले होते. ते आमच्याकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे. मामा म्हणाले, ‘‘त्यांचं काहीतरी राहिलंय. बोला.’’ मी हात जोडून म्हणालो, आईला अंतर देणार नाही. भाऊ म्हणाला, वस्तीवरची अर्धी राहिलेली विहीर पुरी करू. पाऊण तास गेला. मागे दुसरी मंडळी खोळंबली होती.

शेवटी गुरुजींनी दर्भाच्या चार काड्या उचलल्या, दुमडल्या, एक गाठ मारली. चोच, मान, शेपटी. गवताचा कावळा. तो त्यांनी पिंडाला टेकवला आणि म्हणाले, ‘‘झालं.’’ मग तर्पणाचे शब्द पुटपुटत त्यांनी माझ्या ओंजळीतून पाणी सोडवलं. त्या सगळ्या घाईत एक शब्द मला स्वच्छ ऐकू आला : अतीतकुलकोटीनाम्. होऊन गेलेल्या कोट्यवधी कुळांना. ज्यांचं नाव घ्यायला मागे कुणी उरलं नाही, त्यांनाही हे तिळाचं पाणी पोचो.

घरी आलो तर आई दारातच होती. ‘‘शिवला का?’’

‘‘शिवला,’’ मी म्हणालो.

‘‘लगेच?’’

‘‘लगेच.’’

मी शाळेत भूगोल शिकवतो. कावळा हा डायनोसॉरच्या कुळातला आहे हे वर्गात कितीदा सांगितलं असेल. सगळेच पक्षी त्या कुळातले, आणि त्या कुळातले आज उरलेले फक्त पक्षीच. पण त्या दिवशी घाटावर उभं राहून पहिल्यांदा उमगलं, की आपल्या माणसाची सुटका झाली की नाही हे आपण ज्याला विचारतो, तो स्वतःच एका प्रचंड मरणातून वाचलेल्यांचा वंशज आहे. आणि ज्या काळ्या पायरीवर उभं राहून आपण त्याला विचारतो, ती पायरीही त्याच मरणाच्या वेळची आहे.

अप्पा विहिरी खणायचे. सिन्नरच्या पूर्वेला, जिथे पाऊस नुसता तोंड दाखवून पुढे जातो, तिथल्या पंचक्रोशीत त्यांच्या हातच्या विहिरी अजून आहेत. त्यांची स्वतःची यारी होती, चार-सहा माणसं होती. सुरुंगाची भोकं कुठे घ्यायची ते दगडाला हात लावून सांगायचे. खोली परसात मोजायचे, माणसाच्या उंचीवरून आलेल्या त्या जुन्या मापात. फूट-मीटर त्यांनी फक्त बिलासाठी वापरले. खाली उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून सोडत. कंदील विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.

मी चौथीत होतो तेव्हा त्यांनी मला एका विहिरीत उतरवलं. वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि त्याच्या खाली, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, विहिरीला गोल वेढा घालणारा हातभर रुंदीचा तांबडा पट्टा. त्याच्या खाली पुन्हा काळा दगड. मी विचारलं, हे काय? ‘‘गेरू,’’ अप्पा म्हणाले. त्यातला एक खडा काढून त्यांनी जिभेला लावला, मला लावायला दिला. तो जिभेला चिकटला. ‘‘ही कुणाचीतरी जमीन होती,’’ ते म्हणाले. ‘‘इथं ऊन पडायचं कधीतरी.’’

अप्पा सातवी शिकले होते. कॉलेजात भूविज्ञानाच्या तासाला तो पट्टा पुन्हा भेटला तेव्हा मी वहीत काही लिहूच शकलो नाही. लाव्हाचा एक थर येऊन थंड होतो. मग शांतता. त्या शांततेत ऊन-पावसाने वरचा दगड कुजतो, त्याची माती होते, मातीत काहीबाही उगवतं. मग पुढचा थर येतो आणि त्या मातीला भाजून लाल करून खाली गाडतो. कसारा घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडींमध्ये हे पट्टे आजही दिसतात, पावसात भिजले की जखमेसारखे लाल. प्रत्येक पट्टा म्हणजे दोन लोटांच्या मधली उसंत. कुणाची तरी जमीन.

हे लोट ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला एकटाच सरकत होता, आणि आज जिथे रियुनियन बेट आहे तिथल्या तप्त ठिकाणावरून जाताना त्याची पाठ फाटली. शंकूसारखा एखादा डोंगर धुमसला, असं ते नव्हतं. जमिनीला मैलोन् मैल भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा पाण्यासारखा पसरला, थांबला, पुन्हा पसरला. मुख्य उद्रेक सात-आठ लाख वर्षं चालले. आज उरलेला दख्खनचा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी कुठे कुठे दोन किलोमीटरच्या वर जाते. त्याला ट्रॅप म्हणतात तो पायऱ्यांसाठीच्या एका स्वीडिश शब्दावरून. पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना ब्रह्मगिरीकडे पाहिलं तर हे नाव कुणी समजावून सांगावं लागत नाही. अभ्यासकांनी या थरांना गावांची नावं दिली आहेत आणि त्यात एक नाव इगतपुरी आहे. आपल्याकडचे थर त्या चळतीत खालचे, म्हणजे आधीचे, महाबळेश्वरचे वरचे.

नाशिकचं सगळंच या दगडाचं. काळारामाचं देऊळ, घाटाच्या पायऱ्या, आजीचं जातं, पांडवलेणी. त्या लेण्यांत गौतमी बलश्रीने आपल्या गेलेल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी कोरवून घेतली आहे. एका आईने दगडात ठेवलेली आठवण, जवळजवळ दोन हजार वर्षांची. मी तिच्यासमोर नेहमी थोडा वेळ थांबतो. दोन हजार वर्षं त्या दगडाच्या हिशेबात विहिरीवर पडलेल्या धुळीएवढीही नाहीत, आणि तरी ती अक्षरं माझ्या गळ्याशी येतात.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो तो मांजऱ्या. त्याची भोकं म्हणजे बुडबुडे. लाव्हा थिजत असताना त्यातून निसटणाऱ्या वायूने सोडलेल्या जागा. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्फटिक जमले, हिरवे, गुलाबी, दुधी. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते काचेमागे मांडले आहेत आणि शाळेच्या सहलीत मुलं त्यांच्यापुढे गप्प होतात. अप्पांना पाणी लागायचं तेही बहुतेक वेळा अशाच ठिकाणी, गेरूच्या वर, भोकाळ कुजक्या खडकात. आमचं घर त्या पोकळ्यांवर चाललं. आणि ज्या वायूने त्या केल्या तो गंधकाचा आणि कर्बाचा धूर होता. हवेत गेल्यावर त्यातल्या गंधकाने आधी सूर्य झाकला, काही वर्षं थंडी आणली, आंबट पाऊस पाडला. कर्बवायू मात्र मागे राहिला, साठत गेला, आणि हजारो वर्षं पृथ्वी तापवत राहिला.

माणसं मला विचारतात, डायनोसॉर उल्केने मेले ना? हो. पण जगात एकाच वेळी सगळीकडे मरण आलं असं आजवर पाच वेळा झालं, आणि त्यात आकाशातून आलेला घाव ठामपणे सापडतो तो फक्त शेवटच्या वेळी. बाकीच्या वेळी घात पृथ्वीवरच्याच घडामोडींनी झाला. ४४.५ कोटी वर्षांपूर्वी बर्फ वाढलं, समुद्र आटला, उथळ पाण्यातले जीव उघडे पडले. ३७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातला प्राणवायू पुन्हा पुन्हा संपत गेला. २०.१ कोटी वर्षांपूर्वी एक महाखंड फाटून अटलांटिक जन्माला आला तेव्हा त्या फाटीतून दख्खनसारखाच लाव्हा वाहिला.

सर्वांत वाईट ते २५.२ कोटी वर्षांपूर्वीचं. त्याबद्दल मी वर्गात बोलतो तेव्हा माझा आवाज आपोआप खाली येतो.

सायबेरियात असाच काळा कातळ पसरला, आपल्यापेक्षाही मोठा. पण तिथे लाव्हाला वर येताना वाटेत कोळसा, मीठ आणि चुनखडीचे जाड थर लागले. ते भाजले, जळले. कोट्यवधी वर्षं जमिनीने पोटात पुरून ठेवलेला कर्ब थोड्या काळात हवेत गेला. विषुववृत्ताजवळच्या समुद्राचं पाणी पृष्ठभागावर ४० अंशांच्या आसपास पोचल्याच्या खुणा आहेत. तेवढ्या पाण्यात आपण हात ठेवून बसू शकतो, पण बहुतेक मासे जगू शकत नाहीत. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वरून कर्बवायू विरघळून पाणी आंबट होतं, आणि ज्यांना चुन्याचं कवच बांधायचं असतं त्यांचं बांधकाम विरघळायला लागतं. खोल पाणी ढवळलं जात नाही, कुजतं, विषारी वायू सोडतं. अप्पांचा कंदील मला इथे आठवतो. जगभरच्या समुद्रात कंदील खाली सोडला आणि तो विझला, असं ते होतं. फक्त वर खेचून घ्यायला दोरी धरून कुणी उभं नव्हतं.

समुद्रातल्या दहा जातींपैकी आठ-नऊ गेल्या. ट्रायलोबाइट नावाचे जीव तोपर्यंत सुमारे २७ कोटी वर्षं टिकून होते, दोन महामरणं पचवून, तेही गेले. एरवी कशानेही न हटणारे कीटकसुद्धा मोठ्या संख्येने गेले. चीनमधल्या मेइशान इथल्या चुनखडीच्या जुन्या खाणीत हे सगळं जेमतेम फूटभर जाडीच्या थरांत वाचता येतं. त्यातल्या राखेच्या कालमापनावरून मुख्य संहाराला सुमारे साठ हजार वर्षं लागली असा हिशेब निघतो. त्यानंतर जवळपास एक कोटी वर्षं पृथ्वीवर कुठेही दगडी कोळसा तयार झाला नाही, कारण कोळसा व्हायला लागतात तशी दलदलीची जंगलंच उरली नव्हती. प्रवाळांच्या भिंतीही तितकाच काळ नव्हत्या. एक कोटी वर्षं! मुलं विचारतात, मग परत सगळं झालं ना सर? झालं. पण ते परत झालं नाही, वेगळं झालं. गेलेल्यातलं कुणी परत आलं नाही.

मरणाचं कारण एकच नव्हतं आणि नुसती उष्णताही नव्हती. जीवांना मारलं ते वेगाने. पृथ्वी याहून तापलेली असताना जीव सुखाने राहिलेले आहेत. पण तेव्हा बदल सावकाश झाला, पिढ्या सरकल्या, वनं उत्तरेला चढली. वेग वाढला की सरकायला पिढ्या पुरत नाहीत. आज आपण दर वर्षी जितका कर्ब हवेत सोडतो त्याचा वेग सायबेरियातल्या त्या उद्रेकांहून कितीतरी जास्त आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गच्चीवर गेलो होतो. एकूण प्रमाण अजून तेवढं नाही, आणि त्यातच आपली सगळी आशा आहे. पण वेग आपला जास्त आहे, आणि जाळतोय तेही तेच : जमिनीने पुरून ठेवलेलं.

आमच्या देवघरात एक शाळिग्राम आहे. आजीला कुणी यात्रेकरूने उत्तरेकडून आणून दिलेला. गंडकी नदीतला, काळा, गुळगुळीत, एका बाजूने फुटलेला. आणि त्या फुटीत चक्र. आजी त्याला रोज न्हाऊ घालायची, मग तुळस. ती गेल्यावर आई घालते. ते चक्र म्हणजे अॅमोनाइट. समुद्रात तरंगणारा, शिंपल्याच्या गुंडाळीत राहणारा, माकूळ आणि ऑक्टोपसच्या नात्यातला प्राणी. हिमालय जिथे आहे तिथे समुद्र होता तेव्हाचा, जवळपास १५ कोटी वर्षांपूर्वीचा.

अॅमोनाइटांची गोष्ट मला कुठल्याही पुराणापेक्षा कमी वाटत नाही. २५.२ कोटी वर्षांपूर्वी त्यांची दोन-चार कुळंच वाचली. त्यातून ते पुन्हा सगळ्या समुद्रांत पसरले. २०.१ कोटी वर्षांपूर्वी पुन्हा धाग्यावर आले, पुन्हा पसरले. आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपला कातळ वाहत असताना, संपले. त्यांचा दूरचा भाऊबंद नॉटिलस मात्र आजही प्रशांत महासागरात आहे. असं का? बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, फरक पिल्लांचा होता. अॅमोनाइटची पिल्लं मोहरीसारखी बारीक, पाण्याच्या वरच्या थरात तरंगून वाढायची. आणि त्या वेळी मेला तो नेमका वरचा थर. नॉटिलस खोल पाण्यात, मोठी आणि मोजकी अंडी घालणारा. त्याने काही वेगळं पुण्य केलं नव्हतं. ज्या सवयीने अॅमोनाइट ३० कोटींहून अधिक वर्षं जिंकत आले, तीच सवय एका दिवशी फास झाली.

आईला मी हे सांगितलं. ती शाळिग्राम पुसत होती. म्हणाली, ‘‘म्हणजे ह्याचं कुळ संपलंय?’’ मी हो म्हणालो. तिने त्यावर थोडं जास्त पाणी घातलं.

आता उल्केचं. इटलीतल्या गुब्बियो गावाजवळ खडकात बोटभर जाडीची मातीची रेघ आहे. १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासह, त्या मातीत इरिडियम नावाच्या धातूचं प्रमाण अफाट जास्त असल्याचं दाखवलं. हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अशनींत भरपूर. त्यांनी म्हटलं, दहा-एक किलोमीटरचा अशनी आदळला असला पाहिजे. लोक हसले, भांडले. मग १९९१ मध्ये मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखाली गाडलेलं सुमारे १८० किलोमीटरचं विवर तेच असल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी उठलेल्या धुळीने, काजळीने, गंधकाच्या धुक्याने महिनोन् महिने, कदाचित वर्षानुवर्षं उजेड अडवला. झाडं मेली, मग झाडं खाणारे, मग त्यांना खाणारे. दर चार जातींतल्या तीन गेल्या.

दख्खनचा हात यात किती, यावर चाळीस वर्षं भांडण चालू आहे. फ्रान्सचे व्हिन्सेंट कुर्तियो, अमेरिकेतल्या गेर्टा केलर यांनी आयुष्यभर आपल्या या काळ्या दगडाकडे बोट दाखवलं. दुसरे म्हणतात, घाव अशनीचाच. दख्खनने फार तर आधी जग दमवून ठेवलं होतं. कच्छमध्ये अंजारजवळ लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात इरिडियमचे पट्टे सापडले आहेत. ते वाचताना मला अप्पांचा गेरू दिसला. वर लाव्हा, खाली लाव्हा, आणि मधल्या उसंतीत आकाशातून आलेल्या धातूचा अंश. आज बहुतेकांचा कल अशनीकडे आहे आणि पुरावे पाहता तो मला पटतो. पण सिन्नरचा असल्यामुळे असेल, आमच्या दगडाला पूर्ण निर्दोष सोडायला माझं मन तयार होत नाही.

त्या काळात झाडांवर राहणारे पक्षी भरपूर होते, बऱ्याच जणांना चोचीत दातही होते. जंगलं कोसळली आणि ते सगळे संपले. वाचले ते जमिनीवर वावरणारे, लहानखुरे, बहुधा पडलेलं बी टिपून खाणारे थोडे. कावळा त्यांचा. मोर त्यांचा, चिमणी त्यांची, गिधाडही त्यांचंच.

चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे लांब मानेच्या महाकाय डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा मिळते. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात गवताचे सूक्ष्म, वाळूसारखे कण शोधून काढले. तोवर समजूत अशी, की डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतंच. त्या कणांमध्ये भाताच्या नात्यातलं गवतही होतं. मी ते वाचलं आणि पत्रावळ डोळ्यांपुढे आली. भाताचा पिंड. गवताचा दर्भ. समोर कावळा. खाली काळा दगड. त्या मरणापलीकडून जे जे इकडे येऊ शकलं, ते एका पानावर मांडून आम्ही उभे होतो.

मी सातवीत असताना आमची एक म्हैस मेली. गावाबाहेरच्या माळावर तिला ओढून टाकलं, आणि दुपारपर्यंत आकाशात टिंबं फिरायला लागली. मग ती उतरली. तीस-चाळीस तरी असतील. पंखांचा आवाज गोणपाट झटकल्यासारखा. आम्ही पोरं बांधाआड लपून बघत होतो. तासा-दोन तासांत नुसती हाडं. आजी म्हणाली, ती आहेत म्हणून गाव निरोगी आहे.

नव्वदच्या दशकात जनावरांची सूज आणि वेदना उतरवणारं डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध गोठ्यागोठ्यात पोचलं. आमच्याही. आमचा सर्जा बैल लंगडायला लागला तेव्हा अप्पांनी त्याला रात्र रात्र शेकलं आणि इंजेक्शनं देववली. तो वाचला नाही. माळावर गेला. त्याच्यावर गिधाडं उतरली, पूर्वीपेक्षा कमी. ते औषध अंगात असलेलं मढं गिधाडाने खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी होतात आणि ते काही दिवसांत मरतं. शंभरात एखादं मढं तसं असलं तरी पुरे. हे उघड झालं २००४ साली, पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. त्याच घातकीपणाची आणखी दोन औषधं बंद व्हायला २०२३ उजाडलं. पण २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांतच पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती, लांब चोचीची सुमारे ९७ टक्के. पुढे आमची गाय गेली तेव्हा माळावर फक्त कुत्री आली. आठवडाभर वास होता.

अप्पांनी सर्जावर माया केली होती, दुसरं काही नाही. हे मी त्यांना कधी सांगू शकलो नाही. पेपरात बातमी आली तेव्हा त्यांनीच ती दोनदा वाचली, घडी घातली आणि बाहेर जाऊन बसले. पाच कोटी वर्षांपूर्वीची असती तर खडकात ही घट एका रेघेइतकी दिसली असती : खाली गिधाडं, वर गिधाडं नाहीत, कारण अदृश्य. अभ्यासक म्हणतात, आज जाती नाहीशा होण्याची गती नेहमीपेक्षा शंभर ते हजारपट आहे. मला त्या आकड्यापेक्षा माळावरचा तो वास जास्त कळतो.

अप्पांच्या वर्षश्राद्धानंतर आईला घेऊन सर्वतीर्थ टाकेदला गेलो. इगतपुरी तालुक्यातलं हे ठिकाण. रावणाने पंख छाटलेला जटायू इथे पडला होता, आणि रामाने बाण मारून सगळ्या तीर्थांचं पाणी आणून त्याच्या मुखात घातलं, असं लोक सांगतात. रामाने त्याचे अंत्यसंस्कार केले. वडिलांना अखेरचं पाणी द्यायला जो पोचू शकला नव्हता, त्याने ते एका गिधाडाला दिलं. आईने कुंडातलं पाणी ओंजळीत घेतलं, डोळे मिटले. मी तिच्या शेजारी उभा राहून ‘अतीतकुलकोटीनाम्’ एवढंच म्हणालो. पुढचं मला पाठ नाही.

परत येताना तिला दहाव्याचं खरं सांगितलं. कावळा शिवला नव्हता, दर्भाचा केला होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘‘मला माहीत होतं. तू लगेच म्हणालास ना, तेव्हाच कळलं. लगेच कधीच शिवत नाही.’’

गिधाडं अगदी संपलेली नाहीत. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभाग आणि गावकरी मिळून औषध नसलेली मेलेली जनावरं त्यांच्यासाठी एका जागी टाकतात, आणि ती उतरतात. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. त्याच डोंगरावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, अंजनेरीचंच नाव मिळालेली, शास्त्राने २००६ साली नोंदवलेली, नखभर हिरवट कंदिलासारखी. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. मोजकी अंडी, सावकाश वाढ. शांत काळात हे शहाणपणाचं असतं. पण पंधरा वर्षांत शंभरातली ९७ गेली, तर एकेक करून ती भरायला किती वर्षं लागतील, हे गणित मी मुलांना फळ्यावर घालतो. ते सोडवून झाल्यावर वर्गात कुणी बोलत नाही.

गेल्या माघात आईने स्वतःहून विचारलं, अंजनेरीला नेशील का? तिला वर चढवत नाही. पायथ्याशी एका आंब्याखाली सतरंजी टाकून तिला बसवलं आणि मी दुर्बीण लावली. काळ्या कड्यावर पायऱ्या पायऱ्यांचे थर, मधून तांबडा पट्टा. त्याच्या वरच्या कपारीखाली चुना ओघळावा तशा पांढऱ्या रेघा होत्या, म्हणजे तिथे कुणीतरी बसतं. बराच वेळ काही हललं नाही. घारी आल्या, गेल्या.

‘‘दिसलं का?’’ आईने खालून विचारलं.

मी दुर्बीण न काढता म्हणालो, ‘‘थांब.’’

ऊन कड्यावर सरकलं. कपारीत जो दगड वाटत होता, त्याने मान वळवली.

‘‘दिसलं. एक आहे. बसलंय.’’

‘‘खरं ना?’’ ती म्हणाली.

‘‘खरं,’’ मी म्हणालो, आणि दुर्बीण तिच्या हातात दिली.